गावची नळयोजना हाती आली, आता पुढे?

निवडणूक झाली, समित्या ठरल्या आणि तुमचं नाव ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत आलं. किंवा तुम्हाला जलसुरक्षक नेमलं. किंवा सरपंचांनी नुसतंच सांगितलं, 'पाण्याचं तेवढं तुम्ही बघा.' कागदावर या कामाची यादी पानभर आहे. ती ग्रामसेवकांकडून, म्हणजे आताच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून मागून घ्या आणि एकदा वाचा. मी इथे सांगतोय ते रोजचं काम.

बंद पडलेल्या ज्या नळयोजना मी पाहिल्या, त्यात विहीर आटली म्हणून बंद पडलेल्या कमीच. जळलेली मोटर दुकानातून सोडवून आणायला पैसे नव्हते, लाइटबिल थकलं, व्हॉल्व्ह जाम झाला तो कोणी उघडलाच नाही, पाणी सोडणाऱ्याचा पगार राहिला म्हणून तो ऊसतोडीला गेला, अशीच कारणं निघतात. यातलं एकही कारण मुंबईहून येत नाही. म्हणून नवीन योजना मंजूर करून आणण्याच्या गप्पा थोड्या बाजूला ठेवा. आधी आहे ती चालवायला शिका.

पायी फिरा

पाणी सोडणाऱ्या माणसाला बरोबर घ्या आणि एका सकाळी उद्भव विहिरीपासून, म्हणजे योजनेला पाणी देणाऱ्या विहिरीपासून, निघून गावातल्या शेवटच्या नळापर्यंत चालत जा. गाडीवरून नको. विहिरीला कठडा आहे का, वर जाळी आहे का, जवळ उकिरडा किंवा शोषखड्डा आहे का, काठावर गुरं धुतली जातात का, ते पाहा. तिथून टाकीकडे येणाऱ्या मुख्य वाहिनीच्या कडेने चला. भर उन्हाळ्यात एखाद्या जागी हिरवंगार गवत दिसलं तर तिथे खाली पाइप गळतोय. एखाद्या शेतकऱ्याने वाहिनीच्या एअर व्हॉल्व्हला नळी जोडून घेतली असेल तर तीही दिसेल. भांडण तिथेच काढू नका, फक्त टिपून ठेवा.

गावात आल्यावर प्रत्येक व्हॉल्व्हचं चेंबर उघडायला लावा. निम्मी चेंबरं चिखलाने किंवा कचऱ्याने भरलेली सापडतील. कोणता व्हॉल्व्ह कोणत्या आळीचा, हे बहुतेक गावांत एकाच माणसाच्या डोक्यात असतं. तो आजारी पडला की गाव कोरडं. त्याच दिवशी कागदावर हाताने नकाशा काढा, व्हॉल्व्हला नंबर द्या, मोबाइलवर फोटो काढा.

आणि शेवटच्या नळाच्या घरी बसा. तिथल्या बाईंना विचारा की पाणी किती वाजता येतं, हंडा भरायला किती वेळ लागतो, सुरुवातीचं पाणी गढूळ येतं का. जल जीवन मिशनचं मोजमाप माणशी दररोज ५५ लिटर आहे. टाकीखालच्या घरांना ते सहज मिळतं, म्हणून कार्यालयात सगळं ठीक दिसतं. योजनेचा खरा अहवाल मिळतो तो उंचावरच्या वस्तीतल्या शेवटच्या नळावर.

विहिरीतली पातळी मोजा

दोरीला वजन बांधा, दर मीटरला गाठ मारा. पहाटे, मोटर सुरू होण्याआधी, दर महिन्याच्या १ आणि १५ तारखेला पाण्याची पातळी मोजून वहीत लिहा. बस, एवढंच. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते, पण त्यातली तुमच्या गावची असेलच असं नाही. दोन वर्षांची वही झाली की मार्चमध्ये किती पाणी उरणार, हे डिसेंबरातच कळतं.

महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून जास्त भाग काळ्या पाषाणाचा आहे. पाणी मुरमात आणि खडकाच्या भेगांत साठतं आणि तो साठा लहान असतो. कोकणात तीन हजार मिलिमीटर पाऊस पडूनही उन्हाळ्यात वाड्यांवर टँकर जातो, याचं एक कारण हेच की पडलेलं पाणी उतारावरून निघून जातं, जमिनीत टिकत नाही. याच कारणाने शेजारच्या शेतात खोल बोअर पडली की गावची विहीर आटू शकते. १९९३ च्या भूजल कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर घ्यायला बंदी आणली. पुढे २००९ चा भूजल अधिनियम आला. कायदा आहे, पण बोअरची गाडी रात्री येते. गाडी शिवारात शिरण्याआधी त्या शेतकऱ्याशी चहावर बोलणं, ही माझ्या मते समितीची पहिली जबाबदारी. खड्डा पडल्यावर तक्रार करून विहिरीचं पाणी परत येत नाही.

मोटर आणि वीज

नवीन माणसाला मोटरची भीती वाटते. वाटू द्या, स्टार्टर उघडू नका. ते वायरमनचं काम. तुम्ही दोनच गोष्टी लिहा: टाकी भरायला किती वेळ लागला आणि अँपिअर मीटरचा काटा कुठे होता.

समजा तुमची टाकी ५०,००० लिटरची आहे आणि रिकामी टाकी ५ तासांत भरते. म्हणजे तासाला १०,००० लिटर. पुढे कधी हीच टाकी साडेसहा तास घेऊ लागली तर तीनपैकी काहीतरी झालं आहे: विहिरीची पातळी उतरली, पंप झिजला किंवा वाहिनी फुटली. पातळीची वही तुमच्याकडे आहेच. पंपाजवळ पाणी जोरात आणि टाकीवर बारीक असेल तर गळती मधे आहे. दोन्हीकडे बारीक असेल आणि पातळी ठीक असेल तर पंप वर काढायची वेळ आली. टाकी किंवा वितरण गळतंय का, हे पाहायचं असेल तर रात्री आधी टाकीचा बाहेर जाणारा व्हॉल्व्ह बंद करा, पाण्याच्या पातळीवर खूण करा, सकाळी बघा. खूण हलली तर टाकीच गळते. हलली नाही तर दुसऱ्या रात्री व्हॉल्व्ह उघडा ठेवा आणि खालच्या आळ्यांचे बंद करा. आता पाणी उतरलं तर मधल्या पाइपात गळती.

अँपिअरचा काटा नेहमीपेक्षा खाली आला तर पंप हवा ओढतोय, विहिरीत पाणी संपत आलंय. सिंगल फेजवर किंवा कोरडी चालून मोटर जळते. अशा वेळी मोटर आपोआप बंद करणारा प्रिव्हेंटर बसवण्याचा खर्च एका रिवाइंडिंगच्या मानाने किरकोळ आहे. पंपाचं कनेक्शन शेतीच्या फीडरवर असेल तर वीज दिवसातले आठ-दहा तासच आणि तीही कधी रात्री. गावठाण फीडरवर घेता येतं का, हे महावितरणच्या शाखा कार्यालयात लेखी विचारा.

पाणी सोडण्याचं वेळापत्रक

एका वेळी सगळे व्हॉल्व्ह उघडले की खालच्या आळीत मुबलक आणि वरच्या वस्तीला काही नाही. आळ्यांचे गट पाडा. उंचावरच्या गटाला टाकी पूर्ण भरलेली असताना, म्हणजे पहिल्या पाळीत सोडा, कारण दाब तेव्हाच असतो. वेळापत्रक पंचायतीच्या फलकावर लिहा आणि व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाका.

मग येतो टिल्लू पंप. नळाला मोटर लावली की शेजाऱ्याचं पाणी ओढलं जातं, हे सगळ्यांना माहीत आहे. दुसरी गोष्ट फारशी कोणाला माहीत नसते. पाइपात दाब कमी होऊन पोकळी तयार होते आणि पाइप गटारातून गेला असेल, जोड सैल असेल, तर गटाराचं पाणी आत खेचलं जातं. पुरवठा बंद झाल्यावरही थोडंफार हेच होतं. सुरुवातीचं वासाचं, गढूळ पाणी यातूनच येतं. म्हणून गटारातल्या जोडण्या वर उचलणं हे काम रस्त्याच्या पेव्हर ब्लॉकच्या आधी घ्या. तोटी नसलेल्या नळांना तोट्या बसवा. मोटरींचा बंदोबस्त करायला काही गावं मुद्दाम वीज नसलेल्या वेळेत पाणी सोडतात. टाकी उंच असेल तर सगळ्यात कमी भांडणाचा उपाय तोच.

टीसीएल: रोज, आणि मोजून

या कामात सगळ्यात जास्त खोटं कुठे लिहिलं जात असेल तर ते टीसीएलच्या रजिस्टरमध्ये. म्हणून इथे जरा सावकाश जाऊ.

टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर. ताज्या पावडरमध्ये सुमारे ३३ टक्के उपलब्ध क्लोरीन असतं. पोतं उघडं राहिलं, ओल लागली, ऊन लागलं की ते उडून जातं. २० टक्क्यांच्या खाली आलेली पावडर वापरू नये. पावसाळ्यात पावडर सगळ्यात लवकर खराब होते आणि गरजही तेव्हाच जास्त, त्यामुळे जूनच्या आधी नमुना आरोग्य केंद्रामार्फत तपासायला पाठवा. पोतं फळीवर, बंद खोलीत, तोंड घट्ट बांधून ठेवा. पंपघरात ठेवायची सवय असेल तर मोडा. त्या वाफेने स्टार्टरचे पॉइंट आणि पत्रे गंजतात.

प्रमाण साधं आहे: १,००० लिटर पाण्याला ५ ग्रॅम. १,५०० लोकवस्तीच्या गावाला ५५ लिटरच्या हिशेबाने दिवसाला ८२,५०० लिटर पाणी लागतं, म्हणजे रोज ४१२ ग्रॅम पावडर. २५ किलोचं पोतं दोन महिन्यांत संपलं पाहिजे, वर्षाला सहा पोती. आता पंचायतीच्या खरेदीची बिलं काढा. वर्षात दोनच पोती घेतली असतील आणि रजिस्टर रोज भरलेलं असेल, तर काय ते समजा. पावडर २५ टक्क्यांवर आली असेल तर ५ ऐवजी साडेसहा ग्रॅम धरा.

विहिरीतच टाकायची असेल तर आधी पाणी किती ते काढा. विहिरीचा व्यास गुणिले व्यास, गुणिले पाण्याची खोली, सगळं मीटरमध्ये. त्याला ७८५ ने गुणा, लिटर मिळतात. ६ मीटर व्यास आणि ४ मीटर पाणी असेल तर सुमारे १,१३,००० लिटर, म्हणजे ५६५ ग्रॅम.

टाकायची पद्धत अशी. प्लॅस्टिकच्या बादलीत पावडर घ्या, थोडं पाणी घालून गुठळ्या मोडा, मग बादली पाऊण भरा आणि ढवळून दहा-पंधरा मिनिटं तशीच ठेवा. चुना खाली बसतो. वरचं निवळ पाणी तेवढं टाकीत ओता; खालचा साका टाकीत गेला तर तिथेच थर धरतो. टाकी एक तृतीयांश भरली असताना ओतलं की वरून पडणाऱ्या पाण्याने ते आपोआप मिसळतं. त्यानंतर किमान अर्धा तास पाणी सोडायचं नाही. तोंडाला रुमाल, हातात मोजे, आणि त्या बादलीत फिनाइल किंवा ॲसिड कधीही नको, विषारी वायू होतो. पाणी गढूळ असेल तर आधी तुरटीने निवळून घ्या. मातीच क्लोरीन खाऊन टाकते आणि जंतूंना काही उरत नाही.

टाकलं की तपासा. शेवटच्या नळाचं पाणी परीक्षानळीत खुणेपर्यंत घ्या, ओटीचे म्हणजे ऑर्थोटोलिडीनचे थेंब किटवर लिहिलेत तेवढे टाका आणि लगेच रंग बघा. फिकट पिवळा हवा. किटच्या पट्टीवर तो ०.२ ते ०.५ च्या मधे बसला की पुरे. काहीच रंग नाही आला तर क्लोरीन वाटेतच संपलं. डोस वाढवा किंवा वाटेतली गळती शोधा. नारिंगी आला तर जास्त झालं. तपासलेलं पाणी पिऊ नका, हाताला लावू नका, फेकून द्या. लोक वासाची तक्रार करतील. 'औषध टाकलं की जुलाब होतात' असंही ऐकाल. वाद घालू नका; त्यांच्याच नळावर त्यांच्यासमोर चाचणी करून दाखवा.

टाकी वर्षातून किमान दोनदा आतून धुवा आणि धुतल्याची तारीख रंगाने टाकीवर लिहा. आत एकट्याला उतरवू नका.

आरोग्य विभाग एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये स्वच्छता सर्वेक्षण करून हिरवं, पिवळं किंवा लाल कार्ड देतो. लाल आलं तर लपवू नका. त्यात नेमका दोष लिहिलेला असतो आणि निधी मागताना तोच कागद उपयोगी पडतो.

टीसीएलने जे जात नाही ते

क्लोरीन जंतू मारतं. नायट्रेट, फ्लोराइड, खारेपणा यावर त्याचा काही परिणाम नाही. वर्षातून एकदा रासायनिक आणि दोनदा जैविक तपासणी प्रयोगशाळेत करून घ्या. जैविक तपासणीची निर्जंतुक बाटली प्रयोगशाळाच देते. ती विसळू नका, आतलं औषध निघून जातं. नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम, फ्लोराइड १ पर्यंत चांगलं आणि दुसरा उद्भव नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. नायट्रेटचं पाणी उकळू नका, आटून ते आणखी वाढतं; लहान बाळांना तर ते पाणी देऊच नका. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडचा किनवट भाग इथे फ्लोराइडचा प्रश्न जुना आहे आणि बोअर खोल नेली म्हणून तो सुटत नाही, उलट वाढू शकतो. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात तर भूजलाचा नाद सोडून धरणाच्या प्रादेशिक योजनेवरच बसावं लागतं.

पाणीपट्टी

आधी खर्च मांडा. ५ एचपीची मोटर तासाला साधारण ४ युनिट खाते. ती रोज ९ तास चालली तर महिन्याला १,०८० युनिट. त्याला तुमच्या बिलावरचा दर लावा. त्यात पाणी सोडणाऱ्याचा पगार, टीसीएल, किरकोळ दुरुस्ती आणि वर्षातून एकदा मोटर जळणार असं धरून बाजूला टाकायची रक्कम मिळवा. या बेरजेला नळजोडण्यांनी भागा. काही घरं देणार नाहीत, तेही धरा. येणारा आकडा आणि गावात चालू असलेली पाणीपट्टी यात फार अंतर असेल तर ते ग्रामसभेत फळ्यावर लिहून दाखवा. दर वाढवण्याआधी लोकांना हिशेब दिसला पाहिजे.

मार्चअखेर ढोल वाजवून वसुली करण्यापेक्षा सोयाबीन-कापसाचे पैसे घरात आले की, दिवाळीच्या पुढेमागे, घरोघर जा. पावती नमुना १० ची, पैसे ग्राम पाणीपुरवठा निधीच्या खात्यात. ते दिवाबत्तीला किंवा सत्काराला वळवू देऊ नका. पहिली पावती समितीच्या सदस्यांनी फाडावी. मागणीचं बिल मिळूनही मुदतीत कर न भरणारा ग्रामपंचायत सदस्य ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ खाली अपात्र ठरू शकतो, हे बैठकीत एकदा सहज बोलून ठेवा. वित्त आयोगाच्या बंधित, म्हणजे ठरावीक कामांसाठीच असलेल्या, निधीतून पाण्याची कामं होतात, पण त्याच्या भरवशावर रोजचा खर्च चालत नाही.

योजना ताब्यात घेताना

जल जीवन मिशनच्या नव्या योजना अनेक गावांत आता हस्तांतरणाच्या टप्प्यावर आहेत. ठेकेदार घाईत असतो, साहेबही घाईत असतात. तुम्ही घाई करू नका. उन्हाळ्यात चाचणी चालू द्या, शेवटच्या नळावर हंडा भरून बघा. प्रत्यक्ष टाकलेल्या पाइपलाइनचा नकाशा, पंपाची वॉरंटी, व्हॉल्व्हच्या चाव्या, विजेच्या जोडणीची कागदपत्रं हातात आल्यावरच ठराव करा. पाइप किती खोल पुरला ते दोन-चार ठिकाणी खणून पाहायचा तुम्हाला अधिकार आहे. रस्त्यावर वरवर पुरलेला पाइप पहिल्याच ट्रॅक्टरने फुटतो. अडचण आली तर आधी जिल्हा परिषदेच्या ग्रामीण पाणीपुरवठा विभागाचे तालुक्याचे उपअभियंता, मग कार्यकारी अभियंता. तोंडी सांगू नका, आवक क्रमांक घ्या.

टंचाई

टंचाई आराखडा ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च आणि एप्रिल ते जून अशा तीन टप्प्यांत होतो. त्यात तुमच्या गावाचं नाव आणि उपाय आधीच गेला असेल तर मार्चमध्ये धावपळ वाचते. पातळीची वही इथे कामाला येते. गाळ काढणं, विहीर खोल करणं, बंद हातपंपाची दुरुस्ती हे आधी मागा. ते स्वस्त आणि टिकाऊ. मग खासगी विहिरीचं अधिग्रहण. ज्याची विहीर उन्हाळ्यात टिकते तो शेतकरी गावाला माहीत असतो. त्याच्या बागेचं नुकसान किती होईल, मोबदला कधी मिळेल हे डिसेंबरातच स्पष्ट बोला.

टँकर शेवटी. प्रस्ताव पंचायत समितीतून तहसीलकडे जातो, संयुक्त पाहणी होते, मग मंजुरी. माणशी २० लिटरचा हिशेब धरतात, त्यात जनावरं बसत नाहीत. त्यांची सोय वेगळी बघा. टँकर विहिरीत ओतला तर उपसणाऱ्या पहिल्या चार घरांचीच सोय होते, म्हणून जमेल तिथे साठवण टाकीत ओता. प्रत्येक खेपेला टीसीएल. खेपेच्या नोंदीवर पाणी भरणाऱ्या बायकांच्या सह्या घ्या, कागदावरच्या खेपा आपोआप कमी होतात.

पावसाचं पहिलं पाणी विहिरीत उतरलं की सगळ्यांना नळ सुरू करायची घाई होते. ते पाणी आजूबाजूची घाण घेऊन आलेलं असतं. गढूळ पाणी आधी उपसून फेका, विहीर आणि टाकी दोन्हीत नेहमीपेक्षा जास्त टीसीएल टाका, ओटी ०.५ च्या आसपास येईपर्यंत थांबा, नमुना प्रयोगशाळेत पाठवा. तोवर पिण्यासाठी टँकर चालू ठेवा आणि घरोघर उकळून प्यायला सांगा. जुलाबाचे रुग्ण एकाच आळीतून येऊ लागले तर त्या आळीचा व्हॉल्व्ह बंद करा, आरोग्य केंद्राला फोन करा, आशाताईंकडून मेडिक्लोर, म्हणजे घरच्या पाण्यात टाकायचं क्लोरीनचं औषध, वाटून घ्या आणि गळकी जोडणी सापडेपर्यंत गटार खणत राहा.